नस बंद

बा, परवा अकोल्याला माझ्या डोक्याचा एमआरआय काढला. बांगड्या, जोडवी सगळं उतरवून घेतलं आणि बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकवलं. आत नुसती ठोकपीट. आवाज होणार हे आधी सांगितलं होतं, तरी मला वाटलं काहीतरी बिघडलंय आणि हे लोक लपवताहेत. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, उजव्या कानाच्या वर नसांचा गुंता आहे. जन्मापासूनचा असावा, कधी फुटेल सांगता येत नाही. किती खोल आहे, रक्त कुठून येतं, कुठे जातं, हे फोटोत बघूनच ठरतं, कापायचा, किरणांनी आटवायचा की आतून बुजवायचा. हे सगळं ते माझ्या मुलीकडे बघून बोलत होते. माझ्याकडे का नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी लगेच ताडलं. तुझीच लेक ना मी.

तुला झटके यायचे. आणीबाणीचं साल होतं, मानोऱ्याकडून नसबंदीवाल्यांची जीप येताना दिसली की गावातली पुरुषमाणसं कपाशीच्या पऱ्हाटीत दडायची. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून मीच तुला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तेव्हा हे मशीन कुठलं? मानेच्या नसेत सुईने औषध सोडायचे आणि डोक्याचे एक्स-रे काढायचे. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, पण घाईत होता. म्हणाला, "आधी फोटो काढू. जमलं तर ती नस बंद करून टाकू." तेवढ्यात सिस्टर ओरडली, "ही केस कोणाची?"

केस! आपल्याकडे तेव्हा केस म्हणजे एकच. कोटा भरायला गुरुजींना केस आणायची होती, ग्रामसेवकाला केस आणायची होती. तू बाकावरून ताडकन उठलास.

"नस बंद म्हंते ना तो? अन् मायी केस?"

"डोक्यातली नस म्हंते, बा."

"डोक्याचं नाव सांगतीन अन् खाली कापतीन. सुई टोचल्यावर मानूस बेसुद, मंग कोन पाह्यते?" आणि संमतीचा कागद तू माझ्या हातात दिलास. "तू शिकेल हायेस. काय लिवलं हाये, खरं सांग."

आपण दुपारच्या गाडीने परत आलो. महिनाभरात तू शेताच्या धुऱ्यावर पडलास, तो उठलाच नाहीस. बा हट्टी होता, नसबंदीला भ्याला, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले. लोक हसतात, मीही हसते.

कागद इंग्रजीत होता, बा. त्यातला 'ब्रेन' हा शब्द मला वाचता आला होता. बाकीचं काही कळलं नाही, आणि एका शब्दाच्या भरवशावर तुला आत सोडायला माझा जीव धजावला नाही. मीच म्हणाले, "अंगठा नको देऊ. चाल घरी."

माझा कागद मराठीत आहे. दोनदा वाचला, सगळा समजला, तरी सही झाली नाही. डॉक्टरांना म्हणाले, घरी विचारून सांगते. मुलगी म्हणाली, "आई, घरी कोणाला विचारणार? मी तर इथेच आहे." घरी आले आणि तुला विचारायला बसले. हे पत्र मात्र तिला दाखवणार नाही.