कांद्यावरचा साबण

आई, तुझ्या त्या निंबोळीच्या अर्कापायी यंदा मी अक्षरशः रडकुंडीला आले. निर्मळ गावच्या आपल्या वाडीत विहिरीकडच्या पट्टीत तू लावायचीस तसाच पांढरा कांदा लावलाय. पोराने आधीच बजावलं होतं, "यंदाही कांदा गेला तर ही पट्टी लग्नाच्या लॉनवाल्याला देऊन टाकू. साठी उलटली तुझी, चंदनसारहून स्कूटरने किती फेऱ्या मारशील?" आणि नेमके फुलकिडे आले. पातीच्या बेचक्यात सुईच्या टोकाएवढे पिवळे किडे, पातीवर पांढुरके चट्टे. दुकानातलं औषध आणतो म्हणाला, तर मी म्हटलं, नको, माझ्या आईचं औषध करीन. केवढी ती मिजास!

आता तुझं माप काय, तर मूठभर. कुणाची मूठ, किती पाण्याला, काही सांगशील तर शपथ. पावसाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या कुटल्या, फडक्यात बांधून रात्रभर भिजवल्या, हात कडूजहर होईपर्यंत पिळल्या. ऊन उतरल्यावर फवारायचं, तेवढं लक्षात होतं. तीनदा फवारलं. किडे जिथल्या तिथे, कंबर मात्र कामातून गेली. चिडून बांधावर बसले होते, तेवढ्यात शेजारची काकी काठी टेकत आली. तुझ्याबरोबर खुरपायची ती, आता ऐंशीच्या घरात आहे. पातीवरचे थेंब बघून तिला हसू आवरेना. "अगो बाय, पानी बघ कसं घरंगळतंय, अळवावरून जातं तसं. कांद्याची पात गुळगुळीत, औषध टिकनार कशाला? साबन कुठाय तुझा?"

"साबण कसला?"

"तुझी आई न्हानीतला साबन किसून घालायची नाय का!"

न्हाणीतला साबण! मी बारा वर्षांची आहे, आत्या आलेल्या आहेत, आणि तू ओटीवर सगळ्यांसमोर ओरडतेस, "आठ दिवसांत वडी संपवते ही! गोरी होऊन कुठे जायचंय हिला?" सगळे हसतात, बाबासुद्धा. त्यानंतर अख्खा उन्हाळा मी नुसत्या पाण्याने आंघोळ केली. तू ते बघितलंस, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. लग्न झालं, पोर झालं, तरी वडी हातात घेतली की मला तो हशा ऐकू यायचा. मी खरंच उधळी आहे असं मानून जगले गं मी, आणि साबण जात होता कांद्याला!

काकीवरच खेकसले मी. तिने शांतपणे सांगितलं, "तुझा बाप आधीच पाल्याबियांना नावं ठेवायचा. साबन घालते कळलं असतं तर टोपासकट फेकलं असतं त्याने. पोर रुसली तरी जेवते, कांदा गेला तर जेवनार काय, असं म्हनायची." हे तू मला एकदा तरी सांगायचंस ना! मोठी झाल्यावर, हसत हसत, कधीही. इतकं का जड होतं?

त्या संध्याकाळी अर्कात साबण घालून फवारलं, मग पुन्हा आठवड्याने. जुने चट्टे गेले नाहीत, पण आतून नवी पात हिरवीगार निघालीय. पोराने काल वाडीत फेरी मारली, लॉनचं नाव काढलं नाही. औषध तुझंच खरं, घे. पण माझा राग गेलेला नाही, हेही ऐकून ठेव.

हे पत्र कुठे पाठवणार, कांद्याच्या बियाण्याच्या डब्यात ठेवीन. फक्त एक राहिलं. साबण मी विकत आणला नव्हता. सुनेची वासाच्या पातळ साबणाची महागडी बाटली होती ना, ती दोन फवारण्यांत संपली. आज सकाळी तिने विचारलं, "एवढी बाटली संपवली कुणी?" पाल्याबियांच्या नादाला लागलेय म्हणून आधीच ती वैतागलेली. माझी नात समोरच पोहे खात होती. सून तिच्यावर ओरडली. आणि मी, आई, चहा पीत राहिले.