रितिकाची शाळा आणि दाखल्यावरचा रकाना

नागपूर,
१० मे

प्रिय रुपराव,

नत्थूचा सप्रेम जय भीम. तुझ्या वाट्याचा रामराम वेगळा जोडला आहे, तो काढून घे. प्रयागवहिनींना नमस्कार सांग. तुझे गुडघे काय म्हणतात? माझा उजवा बोलतो, डावा नुसता ऐकतो. मृगाच्या बहारासाठी संत्र्यांना पाण्याचा ताण दिला असशील. इकडे ऊन माणसांनाच ताण देऊन राहिले आहे, बहार कधी यायचा ते मात्र कोणी सांगत नाही. पत्राला कारण आहे, पण ते सावकाश. सदतीस वर्षे पोस्टात काढलेल्या माणसाने पत्र लिहायला घेतले की लिफाफ्याचे वजन भरल्याशिवाय त्याला थांबवत नाही.

तर आमची रितिका सातवी पास झाली. तिची शाळा सातवीपर्यंतचीच, त्यामुळे आता आठवीला नवी माध्यमिक शाळा हवी. प्रेमानंद सकाळी मिहानमधल्या कंपनीच्या बसमध्ये चढतो तो संध्याकाळी उतरतो, सूनबाई माया रामदासपेठेतल्या दवाखान्यात नर्स, म्हणून शाळा बघण्याचे काम माझ्यावर आले. (आमची पार्वतीबाई म्हणाली, "यायले पाठवून राहिले? मंग पोरगी घरीच शिकन.") जवळच्या तीन शाळा कागदावर लिहून दिल्या. तिन्ही सरकारी अनुदानाच्या, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या धर्माच्या संस्थेने चालवलेल्या : एक सिस्टर लोकांची, एक आपल्या बौद्ध मंडळाची, एक एका मठाच्या ट्रस्टची. अभ्यासक्रम एकच, पुस्तकेही तीच. फरक फक्त प्रार्थनेचा आणि कोणाच्या मुलांना आधी घेतात त्याचा. प्रेमानंदला इंग्रजीसाठी सिस्टर लोकांची हवी होती, मायाला मंडळाची. माझे म्हणणे एवढेच, की जिथे मुलांकडून कविता अजून पाठ करून घेतात तिथे घालावी. ते कोणी कागदावर लिहून घेतले नाही.

एप्रिलच्या सकाळच्या शाळेत मी सिस्टर लोकांकडे गेलो. फाटकावर टोकन मिळाले, चौदा नंबर. बाकावर बसलो, आणि रुपराव, शेजारच्या वर्गातून कविता ऐकू आली! आपल्या चौथीच्या पुस्तकातली ओढ्याकाठच्या पळसाची कविता, जी म्हणताना तू तिसऱ्या कडव्यावर नेहमी अडायचास आणि गुरुजी डोळे मिटून तुला पुढचे शब्द आठवेपर्यंत वाट बघायचे. मुली ती घाईघाईने म्हणत होत्या, जणू पळसाला गाडी पकडायची आहे. मला राहवले नाही. खिडकीपाशी जाऊन मी गजावर बोटाने ठेका धरला. मुली हसू लागल्या. बाई बाहेर आल्या, मला वाटले आता हाकलतात. तर म्हणाल्या, आजोबा, तुम्हीच म्हणून दाखवा. मी आत जाऊन पाचही कडवी म्हटली, चालीवर. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने परत म्हणा म्हटले, तर परत म्हटली. बाहेर आलो तेव्हा एकोणिसावा नंबर सुरू होता. चौदा नंबर तीनदा पुकारला होता म्हणे. कार्यालयातल्या सिस्टर केरळच्या, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. वाईट वाटून म्हणाल्या की त्यांच्या समाजाच्या मुलींनंतरच्या ज्या मोजक्या जागा होत्या त्या सतराव्या नंबरावर संपल्या. मी घरी आलो. टाळ्यांचे सांगितले. त्यावर जे झाले ते लिहिण्यासारखे नाही. एवढेच कळव, की तुमच्याकडे दोन-चार दिवस राहायची सोय होते का.

मे महिन्यात निकाल लागला, शाळा सोडल्याचा दाखला हातात आला, आणि मी मंडळाच्या शाळेत गेलो. या वेळी कानात कापूस घालून (पार्वतीबाईची युक्ती). इथे बौद्ध मुलांना निम्म्या जागा राखीव, म्हणजे काम झालेच असे समजून मी जाताना पाव किलो पेढेही घेतले होते. तिथल्या लिपिक काजलबाई, मायाच्या माहेरच्या वस्तीतल्या. त्यांनी दाखला बघितला, चष्मा काढला, परत घातला. मी कापूस काढला. "आजोबा, याच्यावर तं धर्म हिंदू लिहून आहे."

रुपराव, पूर्वी शिष्यवृत्तीसाठी आणि जातीच्या दाखल्यासाठी आमच्यापैकी कितीकांचे कागद जुनेच चालत राहिले, प्रेमानंदचे तसेच, आणि पोरीचा दाखला बापावरून आला. मी म्हटले, बाई, छप्पन साली दीक्षेच्या दिवशी मी वडिलांच्या खांद्यावर होतो. जिथवर बघावे तिथवर पांढरे कपडे, आणि मी फुटाण्यांसाठी रडत होतो. काजलबाई म्हणाल्या, "मले माहीत आहे, आजोबा. माझे आजोबाबी तिथंच होते. कागदाले माहीत नाही नं." मुख्याध्यापिका सुटीवर, पुढच्या सोमवारी येणार, यादी त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी लागणार. प्रवेशाचा फॉर्म हातात दिला आणि काही जुना पुरावा असेल तर आणा, म्हणाल्या. पेढे मी बसस्टॉपवर एकट्याने खाल्ले.

मग घाबरून परस्पर तिसरीकडे, मठाच्या ट्रस्टच्या शाळेत. तिथले हेडमास्तर फार सज्जन गृहस्थ. दाखला बघून म्हणाले, काही अडचण नाही, आत्ताच घेतो. मी हरखून घरी आलो आणि म्हटले, जमले! माया हातातली कणीक तशीच ठेवून उभी राहिली. ओरडली असती तर बरे झाले असते. शांतपणे म्हणाली, "बाबा, शाळा चांगलीच आहे. पण पोरीले तिच्यासाठी घ्यावं, दाखल्यावरच्या चुकीसाठी नाही." प्रेमानंद म्हणाला, जागा तर मिळते आहे ना. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. माझ्याशी तर आधीपासूनच बोलत नव्हते. शेवटी मला सुचले की जिला शाळेत जायचे आहे तिला आपण विचारलेच नाही. रितिका टीव्हीपुढे चिवडा खात होती. म्हणाली, "मले मंडळाच्याच शाळेत जायचं आहे ना, आजोबा. तिथल्या पोरी खो-खोत जिल्ह्याले जातात. धर्माचं तुम्ही बघा." एवढी मोठी धम्मक्रांती आमच्या घरात खो-खोच्या खांबापाशी येऊन थांबली.

आता जास्त लिहीत नाही. चि. जितेंद्रला आशीर्वाद. उन्हात हिंडू नकोस. हिंडलास तर डोक्याला दुपट्टा बांध. बाकी सर्व ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही.

तुझा बाकावरचा सोबती,
नत्थू

ता. क. १ : लिहायचे तेच राहिले. आपल्या गावच्या शाळेत जा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा सत्तावन सालचा उतारा काढ. तुला आठवते ना, आपण एकाच दिवशी पहिलीत बसलो. गुरुजींनी धर्म विचारला आणि माझे वडील एवढ्या मोठ्याने "बौद्ध!" म्हणाले की बाहेरचे बैल बिचकले. दीक्षेला वर्षही झाले नव्हते. त्याच्याहून जुना पुरावा कुठला? सुटी आहे, पण कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या घरी असते. शनिवारच्या आत हवा. पोरीची जागा आता तुझ्या गुडघ्यांवर आहे.

ता. क. २ : आज शुक्रवार. हे पत्र पाच दिवस माझ्या उशीखाली होते, कारण लिफाफा सापडेना. (पोस्टातला माणूस! पार्वतीबाईने ते सगळ्या मोहल्ल्याला सांगितले आहे.) मायाने माझा भरवसा न धरता सोमवारीच जितेंद्रला फोन केला, आणि त्याने रजिस्टरच्या पानाचा फोटो तिच्या मोबाइलवर पाठवला. तुला त्याने दाखवला की नाही कोण जाणे, म्हणून सांगतो, आधी बस. ओळ एकेचाळीस : रुपराव, धर्म बौद्ध. ओळ बेचाळीस : नत्थू, धर्म हिंदू. तुझे वडील बिचकलेले बैल धरायला बाहेर धावले, गुरुजींची लेखणी तेव्हा तुझ्या ओळीवर होती, आणि कानावर आले ते त्यांनी तुझ्यापुढे लिहून टाकले. मग उरलेला धर्म मला दिला. काजलबाईंनी फोटो बघितला आणि त्या एवढ्या हसल्या की सुटीवरून आलेल्या मुख्याध्यापिका आतून बाहेर आल्या. त्यांनी आमचा फॉर्म उलटा केला. मागच्या बाजूला पालकांचे स्वयंघोषणापत्र छापलेले होते. तिथे "आम्ही बौद्ध आहोत" असे लिहून प्रेमानंदने सही केली की झाले. पुरावा वगैरे काही लागत नव्हता. दहा दिवस फॉर्म माझ्या पिशवीत होता, मी तो उलटून बघितला नाही. रितिकाचे नाव आज यादीत चढले, यादी उद्या लागेल. ती घरी आहे कुठे? मैदानावर आहे.

ता. क. ३ : जितेंद्र म्हणतो, रजिस्टर दुरुस्त होते, ज्याची ओळ त्याने अर्ज करायचा. माझा अर्ज सहीसकट सोबत जोडला आहे, तो हेडमास्तरांना नक्की दे. वडील जे बोलले ते माझ्या नावापुढे लिहिलेले हवे. तू मात्र अर्ज करू नकोस. त्या पानावर माझ्या बापाचा आवाज पहिल्यांदा उमटला तो तुझ्या ओळीत. तिथे खाडाखोड नको. प्रयागवहिनींना मी समजावतो.