क्रीमची पेटी

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, माझी सर्दी गेली. इकडे कारखान्याच्या प्रयोगशाळेत नव्या खुर्च्या आल्यात. बसलं की कुरकुरतात, अगदी तुझ्यासारख्या.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कालवांची पिल्लं सलग दुसऱ्या वर्षी टाकीतच मेली, आणि तू टाकीवाल्या काकांना घरी बसवलंस. "घाणेरडे हात घालतो म्हातारा," असं लिहिलंस. वीस वर्षं त्या माणसाने तुझ्या टाक्या जिवापाड सांभाळल्या रे.

मागच्या महिन्यात मी निघताना टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं, तेव्हा तू हसलास. "पाणीसुद्धा चोरतेस का गं?" म्हणालास. ते मी इथे तपासलं. निकाल पंधरा दिवस माझ्या खणात पडून आहे. या दिवसांत आपण फोनवर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा मी हवापाण्यावर वेळ मारून नेली.

पाण्यात जस्त निघालं, दादा. आमच्या उन्हाच्या क्रीममधल्या कणांशी ताडून पाहिलं. तेच आहे.

पूर्वी ते क्रीम लावलं की तोंडाला चुना फासल्यासारखं दिसायचं, म्हणून कोणी घेत नसे. जस्ताचे कण इतके बारीक करायचे की अंगावर दिसूच नयेत, हे काम माझं. ते जमलं आणि मी हवेत तरंगायला लागले. तुझं सोललेलं नाक बघवत नव्हतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी तुला एक पेटी पाठवली, आणि गेल्या वर्षी आणखी एक. सोबत चिठ्ठी होती: "काकांनाही दे. हात स्वच्छ धुऊन दंडापर्यंत लावायचं."

काका माझा शब्द मोडत नाहीत. रोज सकाळी हात धुवायचे, क्रीम लावायचे आणि मग तेच हात टाकीत घालून जाळ्या हलवायचे. डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात उतरत गेले आणि पिल्लांचे शिंपले धरेनात. पेटी आली त्याच हंगामापासून मर सुरू झाली आहे. तारखा मी पुन्हापुन्हा लावून पाहिल्या.

बाहेर खाडीत तर सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं तेच फासून पाण्यात उतरतात. साहेबांना सांगितलं. "टाकी म्हणजे समुद्र नव्हे," म्हणाले. नव्हेच. पण खाडीचं पाणी तपासून तरी बघू, म्हटलं, तर त्यांनी चहा मागवला. सोमवारी मी सगळं लेखी देणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू.

त्याआधी तू काकांकडे जा. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, माझा भाग न गाळता. ते लगेच म्हणतील, "असू दे, पोरीने मायेनं पाठवलं होतं." त्यांना तसं म्हणू देऊ नकोस. आधी तू त्यांची माफी माग, मग माझ्या वतीने माग. मी रविवारी स्वतः येतेय.

तुझी,
पंधरा दिवस गप्प बसलेली
बहीण