सहा जणांची इमारत

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवी वही. ताईला फोनवर दहा मिनिटं समजावलं तरी काम काय ते तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी म्हटलं, ठिकठिकाणचे संशोधक आमच्या वेबसाइटवर फॉर्म भरतात : इमारत केवढी, माणसं किती, आग कुठे लागली. बटण दाबलं की तळमजल्यावरची आमची मोठी यंत्रं गणित करून दाखवतात, कोण किती वेळात बाहेर पडेल. पडद्यावर माणसांच्या जागी रंगीत ठिपके पळतात. कोणाचा फॉर्म अडकला की तो मी सोडवायचा. ताई म्हणाली, म्हणजे तू ठिपक्यांची ट्रॅफिक पोलीस. साहेबांनी दिलेल्या पदनामापेक्षा मला हे जास्त आवडलं.

ऑफिसात साहेब, एक तंत्रज्ञ, प्रोग्रामवाले तिघं आणि माई. माईंची बदली होणार, त्यांच्या जागी मी. आठवडाभर त्या मला शिकवणार आहेत. आल्या आल्या त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं. मी नको नको म्हटलं, तर म्हणाल्या, बस गं, माझी पाठ या खुर्चीला कंटाळली आहे.

मंगळवार, ४

इथली एक रीत आहे. नव्या माणसाने पहिला फॉर्म आपल्याच इमारतीचा भरायचा. मजल्याचा नकाशा आणि जुने ठिपके तयारच असतात, आपण फक्त आपला ठिपका घालायचा. वय, उंची, चालण्याचा वेग, बसायची खुर्ची, आणि शेवटचं ठिकाण, म्हणजे ठिपक्याने पोचायचं कुठे. मी सगळं भरलं तर लाल अक्षरांत तक्रार आली : या खुर्चीवर आधीच एक व्यक्ती आहे. तो माईंचा ठिपका. तंत्रज्ञ म्हणाला, जुना खोडा, सगळे तेच करतात. माई स्वतःच हसून म्हणाल्या, मीही माझ्या आधीच्या बाईंना खोडलं होतं, आणि कप विसळायला गेल्या.

मी खोडला. पडद्यावर दोन मिनिटं दहा सेकंदांत सगळे ठिपके बाहेर. तंत्रज्ञाने टाळ्या वाजवल्या.

माई काही परत आल्या नाहीत. लवकर घरी गेल्या असतील.

बुधवार, ५

माईंची पर्स स्टुलापाशीच आहे. आत चष्मा आणि घराच्या किल्ल्या.

साहेबांना विचारलं. म्हणाले, बदली झाली. किल्ल्या न घेता? त्यावर ते शांतपणे म्हणाले की ही इमारत सहा जणांची आहे, संगणकातल्या मॉडेलमध्ये सहा ठिपके आहेत, तेव्हा माणसंही सहाच असायला हवीत. मॉडेल माणसांवरून असतं असं मला वाटत होतं, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही वेडगळ बोलले.

दुपारी टेबलाचा खालचा खण उघडला. दोन जुन्या पर्स, एक छत्री, एक पुरुषी पाकीट. या खुर्चीवर माझ्याआधी बसलेल्यांचं सामान.

चार वाजता माईंच्या मुलीचा फोन. आई कालपासून घरी आलेली नाही. बदली झाली म्हणून सांगा, असं साहेब खुणेने सुचवत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि तिला सांगितलं, तुझ्या आईला मी घरी पाठवते. कशी, ते मलाही माहीत नव्हतं. पण खोडलं मी, तर परत आणणारही मीच.

गुरुवार, ६

सकाळी मुलीला फोन करून माईंचं वय आणि उंची विचारून घेतली. नकाशात सातवी खुर्ची नव्याने आखली आणि माईंचा ठिपका पुन्हा घातला. वेग अंदाजाने लिहिला. बटण दाबलं.

अकराला माई कॉरिडॉरमध्ये होत्या! मी धावत गेले, हात धरला. त्यांनी बघितलंही नाही. भिंतीपर्यंत चालत गेल्या, भिंतीवर आपटल्या, वळल्या, समोरच्या भिंतीवर आपटल्या, वळल्या. दुपारपर्यंत तेच. कपाळ सोललं. तंत्रज्ञ शेजारून जाताना म्हणाला, माई, चहा झालाय.

फॉर्म उघडून पाहिला. शेवटचं ठिकाण — तो रकाना मी रिकामाच ठेवला होता. घाईत. नुसता रिकामा.

शुक्रवार, ७

रकाना भरला. मुख्य फाटक, मग घर, मुलीकडून घेतलेल्या पूर्ण पत्त्यासकट.

माई वळल्या, जिना उतरल्या. पर्स घेऊन मी मागे. फाटकाबाहेर पाऊल पडताच त्यांनी डोळे मिचकावले, कपाळ चाचपलं आणि मला विचारलं, एवढा उशीर का लावलास. संध्याकाळी मुलीचा फोन आला. आई पोचली, जेवली, झोपली. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, मग तोंड धुऊन साहेबांसमोरून ऐटीत गेले.

साहेब चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, सोमवारी नवी मुलगी येतेय. तुमची बदली. नंतर पाहिलं, तर इमारतीच्या फॉर्मला माझा पासवर्ड आता चालत नाही.

ताई म्हणते, जाऊच नकोस. पण मी घरी बसले तरी माझा ठिपका त्या खुर्चीवरच आहे. आणि सोमवारी ती मुलगी मला खोडेल, पुढे कोणीतरी तिला. जाणार. साहेबांच्या नाकावर टिच्चून जाणार.

सोमवार, १०

आली. हसरी आहे. डबा मोठा आणलाय. तिला सगळं सांगितलं, खण उघडून पर्स दाखवल्या. तिला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा चालली आहे.

खुर्ची सोडली नाही मी. साहेबांनी तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं — फॉर्म कुठूनही उघडतो, आणि त्यात तिची खुर्ची हीच.

साडेदहा

वय भरलं तिने. उंची. इथून दिसतंय. मी धावत जाऊन तिच्या स्क्रीनची वायर उपटली, तंत्रज्ञाने परत लावली. प्रोग्रामवाले तिघं मान वर करत नाहीत. साहेब हसताहेत. हसू देत. माई घरी आहेत.

लाल अक्षरं आली —

ती विचारतेय, जुना खोडू का. मी ओरडले, नको. तिने दचकून हात मागे घेतला. घेतला! साहेब तिच्या कानाशी वाकले —

पोरी, ही वही तुझ्या टेबलावर टाकतेय. खोडलंस तरी रागावणार नाही. पण नंतर मला परत घाल. नकाशात आठवी खुर्ची नव्याने आख. सगळ्यात आधी ठिकाण लिही, तेच मी विसरले होते : मुख्य फाटक, मग ताईचं घर, पत्ता मागच्या पानावर. वय एकोणतीस. उंची पाच फूट दोन इंच. वेग भरभर. आणि वाटेत साहेब आडवे आले तर मी