पोटदुखीच्या खाटेवरून

दादा,

आडवा पडूनच नमस्कार करतो, वाकता येत नाही. महिनाभर पत्र टाळलं, आणि हेही टपालात टाकेन असं वाटत नाही.

फौजेच्या ट्रेनिंगमध्ये पाठीवर पंचवीस किलोचं ओझं देऊन पळवतात. तिसऱ्याच आठवड्यात माझी कंबर धरली. पण इथे कंबरेचं नाव काढलं की आम्हाला पळवणारे उस्ताद सगळ्यांसमोर विचारतात, "आजीबाई, काठी आणू का?" आणि डॉक्टर घरी पाठवायचा शेरा मारतात. म्हणून मी पोट दुखतंय असं सांगितलं. चार दिवस दवाखान्यात बिनमिठाचं गिळतोय. खिडकीबाहेर एक जण भिंत रंगवतोय, काय हात आहे त्याचा! मीही दोन महिने रंगारी होतो, आठवतं? ते सोडलं, गॅरेज सोडलं, टेम्पोही सोडला. "हेही सोडून आलास तर दार उघडणार नाही," असं तू म्हणालास, ते बरोबरच होतं.

पण दादा, कालपासून डावा पाय बधिर आहे. चिमटा काढला तरी कळत नाही. खरं सांगितलं तर घर बंद, नाही सांगितलं तर पाय जाईल. मी काय करू रे?

थांब, कुणीतरी आलंय. अरे, उस्तादच! दोघांनी धरून आणलं आणि शेजारच्या खाटेवर टेकवलं. ते दोघे गेल्यावर हळूच म्हणाले, "माझे बूट काढ रे जरा. वाकवत नाही. आणि कुठे बोलू नकोस, मीही पोटच सांगितलंय."

दादा, त्या बुटांपर्यंत माझाही हात पोचेना. मी डॉक्टरांना हाक मारतोय. दाराचं तू बघ.

तुझा,
धाकटा