लवंगेचा कागद

४ मार्च
प्रयोगाचा सहावा दिवस. साध्या डब्यातल्या बारापैकी नऊ स्ट्रॉबेऱ्यांवर बुरशी. लवंगतेलाच्या कागदात ठेवलेल्या बारा – एकीवरही नाही! मॅडम खूश, सगळ्यांना चहा. मीही हसले. हसायचं असतं म्हणून.
ताईला जाऊन आज सत्तर दिवस झाले.

५ मार्च
कपाटात ओल आली आहे. ताईच्या स्वेटरच्या बाहीवर पांढरे ठिपके! तिचा न धुतलेला तेवढा एकच. गळ्यापाशी अजून तिचा वास येतो, मी रोज नाक खुपसते. रडू मात्र येत नाही. आत नुसता दगड.
आई म्हणाली, "धुऊन टाक आता. किती दिवस ठेवणार तसाच?" बाकीचं सगळं तिने पंधरा दिवसांत धुतलं, घड्या घातल्या, देऊन टाकलं. पोटच्या पोरीचे कपडे – एकही ठेवून घेतला नाही.

६ मार्च
कागदाचे दोन तुकडे घरी आणले. ठिपके झटकले, स्वेटर गुंडाळला, पिशवी बंद. आता बुरशीची काय टाप!

९ मार्च
काही नाही. काम, जेवण, झोप.

१२ मार्च
आज चाखणी. फळं चाखून पारखणारा नाकतोड्या आला होता – प्रत्येक डब्यावर नाक मुरडतो, म्हणून आमच्यात हे नाव. एक खाल्ली आणि थांबला. "ताजी आहे हो. पण यात स्ट्रॉबेरी कुठंय? दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय!" सगळे हसले. मॅडमचं तोंड उतरलं. मी नोंद केली: फळाचा मूळ वास उरलेला नाही. वही मिटून जेवायला गेले.
घराच्या जिन्यात पाय थांबले. पिशवी!
फोडली. ठिपका एकही नाही. गळ्यापाशी लवंग, बाहीत लवंग. ताई कुठेच नाही.
तुलनेला एक डबा साधा ठेवायचाच, हे मी नव्यांकडून घोकून घेते. आणि माझ्याकडे स्वेटर एकच होता. मूर्ख! शंभरदा मूर्ख! तरीही रडू नाही.

१३ मार्च
आईला सांगितलं. ती उठली. स्वतःच्या गादीखालून उशीचा अभ्रा काढून माझ्या मांडीवर ठेवला. ताईचा.
"हा नाही गं धुववला."
कडेला बुरशी चढली आहे. कुबट वास येतो – आणि त्याच्याखाली ताईचा. दोघी खूप रडलो.