थापायचं नाही, भिनवायचं

प्रिय शैला,

तुला असं नावानं लिहिताना मलाच चोरट्यासारखं वाटतंय. सगळा संसार ‘अगं, ऐकलंस का’वर झाला. तूही मला जन्मभर ‘अहो’च म्हणालीस. पण पत्राला नाव लागतं, म्हणून लिहिलं.

उद्या केतकीचा साखरपुडा आहे. धवलकडची मंडळी त्याला सगाई म्हणतात, गोळ-धाणे, म्हणजे आपले गूळ आणि धणेही वाटणार आहेत. आपली लेक उद्या चार माणसांत स्वतःच्या चेहऱ्यानं जाऊन बसते की नाही, या काळजीत मी गेले काही महिने काढले. तुला हे सांगायला हवं होतं. पण आज सकाळी असं काही झालं, की नुसतं सांगून भागायचं नाही, तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

आधी जुनी गोष्ट. तू कराडहून नवी नवरी म्हणून बडोद्यात आलीस, तेव्हा शेजारच्या रमीलाबेन तुला बघायला आल्या होत्या. तू तोंड धुऊन आली होतीस, पाणी अजून निथळत होतं. त्या तुझ्याकडे बघून माझ्या आईला म्हणाल्या, “वहु भीने वान छे, पण केवी नमणी छे!”

भीने वान म्हणजे सावळी, नमणी म्हणजे देखणी. गुजरातीत सावळ्या रंगाला असं हळुवार म्हणतात, ओला रंग. पण तुला कुठे गुजराती येत होती? तुझ्या कानांनी ‘भीने’चं सरळ आपलं ‘भिनणे’ केलं. रात्री मोठ्या कौतुकानं मला म्हणालीस, “शेजारच्या बाई हुशार आहेत हो. बघताक्षणी ओळखलं, माझ्या कातडीत तेल कसं लगेच भिनतं ते!”

मी शाळेत भाषा शिकवायचो. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय मला पुढे जाववत नसे, हे तुला माहीत आहे. त्या रात्री मात्र माझ्यातला मास्तर गप्प बसला. तुझ्या सासरी तुला मिळालेलं ते पहिलं कौतुक होतं. त्यातला ‘पण’ तुला दाखवून देणं माझ्या जिवावर आलं.

आणि तू त्या एका शब्दावर केवढं शास्त्र उभं केलंस! ‘चेहऱ्यावर थापायचं नाही, भिनवायचं.’ तोंड धुतलं की पंचानं खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. ओलसर असतानाच खोबरेल किंवा तुझं ते साधं क्रीम बोटांनी थोपटून लावायचं. लिंबू चोळायचं नाही. कुणी म्हणालं की लिंबानं उजळतं, तर तू म्हणायचीस, “भांडी उजळतात.” टिकली रात्री काढून ठेवायची, कपाळालाही मोकळं व्हायला हवं. त्या न्यायानं आपल्या न्हाणीघरातल्या आरशाचं कपाळ कधीच मोकळं नसायचं. तुझी शेवटची टिकली अजून तिथेच आहे, दाढी करताना माझ्या गालावर येते.

नवरात्रात सोसायटीतल्या मुली गरब्याला निघण्याआधी तुझ्याकडे यायच्या. तू आधी त्यांना तोंड धुवायला पाठवायचीस. “आधी भिनवा, मग थोडंसं लावा. घामानं वाहून जाणार तेवढंच लावायचं, वर भिंत बांधायची नाही.” एकीच्या तोंडावरचा जाड थर बघून तू विचारलं होतंस, “अगं, ही पुट्टी कुणी मारली?” ती मुलगी रागावली नाही. तुझ्या तोंडून कुणालाच लागायचं नाही.

आणि मंगळ बाजारातला तो दुकानदार! दर वेळी तुला तुझ्या रंगाहून दोन पायऱ्या गोरी बाटली काढून द्यायचा. तू थेंबभर जबड्याच्या कडेला लावून भर उन्हात रस्त्यावर यायचीस आणि मला विचारायचीस, “दिसतंय का वेगळं?” हातात भाजीची पिशवी घेऊन तुझा जबडा निरखणारा मी. येणारे-जाणारे काय म्हणत असतील, याचीच मला लाज. “मनगटाचा आणि तोंडाचा रंग एक नसतो, आणि दुकानातला दिवा खोटं बोलतो,” असं तू मला समजावायचीस. मला कुठे फाउंडेशन लावायचं होतं? पण लक्षात राहिलं. पुढे उपयोगी पडलं.

‘भीने वान’ हे शब्द मात्र तुझ्या कानांवर पुन्हा पडू नयेत, म्हणून मी किती कसरती केल्या! रमीलाबेनना बाजूला घेऊन सांगितलं, की हिच्यासमोर तो शब्द काढू नका. कुणाच्या घरी गेलो आणि तसा विषय निघाला, की मी हवेवर बोलायचो, नाहीतर फराळाचं ताट पुढे सारायचो. आपण आणि रमीलाबेननी एकाच सोसायटीत, गोत्रीला, फ्लॅट घेतले तेव्हा मला धडकीच भरली. म्हटलं, आता समोरासमोर दारं, कधीतरी फुटणार. पण फुटलं नाही. मी स्वतःला मोठा मुत्सद्दी समजत होतो.

तू गेलीस आणि मग काही महिन्यांनी धवलच्या घरची माणसं चहाला आली. धवल केतकीच्याच कारखान्यात आहे, वाघोडियाला. मुलगा गुणी आहे, तुला आवडला असता. त्याच्याबरोबर त्याची आजी होती. तिला सगळे बा म्हणतात. बांनी केतकीला जवळ बसवलं, हनुवटी धरून बघितलं आणि म्हणाल्या, “छोकरी भीने वान छे, पण बहु नमणी.”

तेच शब्द, शैला. तोच ‘पण’.

मी काय केलं असेल? जे जन्मभर केलं तेच. खोकलो आणि चिवड्याची बशी पुढे केली. “घ्या ना बा, चिवडा घ्या. घरचा आहे.” घरचा कसला, कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याचा होता.

त्यानंतर केतकी उजळायला लागली. मला वाटलं, लग्न ठरलं की मुलींच्या तोंडावर तेज येतं म्हणतात, ते हेच. खरं ते वेगळंच होतं. कंपनीच्या बसमधल्या कुणा मैत्रिणीनं तिला मेडिकलमधली एक ट्यूब सांगितली होती. रोज रात्री लावायची, रंग खुलतो. खुललाही. मग ट्यूब संपली, चार दिवस लावायची राहिली आणि चेहरा पेटला. गाल लाल, बारीक पुळ्या, नुसतं पाणी लागलं तरी झोंबायचं, उन्हात तर उभं राहवायचं नाही.

मला यातलं काही कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की ती घरातही तोंडाला ओढणी गुंडाळून वावरतेय. बाहेर स्कूटरवर बडोद्याच्या सगळ्याच मुली बांधतात, पण पोळी खाताना कोण बांधतं? मला वाटलं, धवलशी बिनसलं. शेवटी रमीलाबेनना आत पाठवलं. त्या बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. “भाई, आने काले ने काले डॉक्टर पासे लई जाव.” दुसऱ्याच दिवशी घेऊन गेलो.

अलकापुरीतल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई शांत आहेत. ट्यूब बघून त्या केतकीला रागावल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. काही आजारांत आम्हीही देतो, पण मोजून, थोडे दिवस. गोरं व्हायला रोज तोंडाला लावायची ही वस्तू नाही. अशा मुली त्यांच्याकडे नेहमी येतात. “तू एकटी नाहीस, बेटा,” त्या म्हणाल्या. तेव्हा केतकीनं पहिल्यांदा ओढणी सोडली.

मग त्यांनी पथ्य सांगितलं. लिंबू, बेसन, स्क्रब सगळं बंद. झोंबणार नाही अशा सौम्य फेसवॉशनं तोंड धुवायचं. ढग असले तरी सनस्क्रीन लावायचं, बसमध्ये खिडकीशी बसत असलीस तर नक्कीच. चेहरा शांत होईपर्यंत मेकअप नाही, काजळ-लिपस्टिकची हौस तेवढी करायची. आणि म्हणाल्या, “मॉइश्चरायझर चेहरा ओलसर असतानाच लावायचं. चोळायचं नाही, थोपटायचं.”

मला हसू आलं. आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं. त्यांना काय सांगणार, की माझी बायको एका शब्दाचा चुकीचा अर्थ लावून हेच सांगत आली होती?

चेहरा हळूहळू निवत गेला. केतकी दोनदा म्हणाली, साखरपुडा पुढे ढकलू या. धवल भेटायला आला तेव्हा ती दार उघडेना. उघडलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “दुखतं का?” ढकलायचं बोलणं त्यानंतर निघालं नाही. पण ब्यूटी पार्लरवाली म्हणाली, उद्या जाड थर देऊन सगळं झाकून टाकू, एक शेड वर घेऊ म्हणजे फोटो छान येतील. केतकी तिला ना हो म्हणाली, ना नाही.

डॉक्टरीणबाईंनी आता पातळसा हात चालेल म्हणून सांगितलंय. परवा मी केतकीबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं अर्थातच गोरी बाटली काढली. मी म्हटलं, “ही नको. जबड्यावर लाव आणि बाहेर ये.” भर रस्त्यात, भर उन्हात, हातात पिशवी घेऊन मी आपल्या लेकीचा जबडा निरखत उभा राहिलो. या खेपेला लाज वाटली नाही. तिसरी बाटली बरोबर निघाली. लावली आणि दिसेनाशी झाली.

आता आजची सकाळ. केतकी तोंड धुऊन आली, क्रीम माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “बाबा, आज तुम्ही लावा, आई लावायची तसं.” मी सवयीनं टॉवेल उचलला, तर म्हणाली, “पुसू नका. भिनवायचंय.”

तुझा शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, “केतकी, तुला एक सांगू? तुझ्या आईला त्या शब्दाचा खरा अर्थ...”

“बाबा,” ती म्हणाली, “आईला माहीत होता.”

माझी बोटं तिच्या गालावर तशीच राहिली. ती शाळेत असताना कुणीतरी तिला भीने वान म्हणालं होतं, ती रडत घरी आली होती, आणि तू तिला सगळं सांगितलंस! तू म्हणालीस, “मला पहिल्याच वर्षी कळलं. रमीलाबेननाच विचारलं. पण तुझे बाबा तो शब्द माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून एवढे धडपडतात, की कळलं म्हणून सांगायचा धीर होत नाही. आणि माझा अर्थ काय वाईट आहे? त्यांचा त्यांना, माझा मला.”

मी तडक समोरच्या दारात. रमीलाबेन चहा गाळत होत्या. म्हणाल्या, “तमे बेय जणाए मने ना पाडी'ती. हुं शुं करुं?” दोघांनीही त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं! त्या बिचारीनं एवढी वर्षं दोन्ही घरची गुपितं एकाच पोटात ठेवली. हसता हसता चहा ओट्यावर सांडला.

का नाही सांगितलंस गं मला? मी ताटं पुढे सारत होतो आणि तू आतल्या आत हसत होतीस. किती वेळा उगाच चिवडा खाल्ला असशील! तुझ्यावर रागावावं म्हणतो, पण धड रागावताही येत नाही.

घरी आल्यावर मी केतकीला विचारलं, “तुला सगळं ठाऊक होतं, तर मग ती ट्यूब कशाला लावलीस?” ती क्रीमचं झाकण उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, “बा म्हणाल्या त्याचं एवढं नाही वाटलं. पण तुम्ही विषय बदललात. मला वाटलं, तुम्हालाच लाज वाटली. आणि विचारायला आई नव्हती.”

हे मला फार लागलं, शैला. तुला कळत होतं, मी ताट का पुढे करतो ते. तिला कसं कळावं? तुझ्यासाठी केलेलं ते तिच्या वाट्याला भलतंच गेलं. मी तिला जवळ घेतलं, जमेल तसं सांगितलं. मग ती म्हणाली, “क्रीम सुकलं सगळं. पुन्हा लावा.” पुन्हा तोंड धुऊन आली. मी पुन्हा लावलं. या वेळी थोपटून, हलक्या हातानं. भिनलं.

पार्लरवालीला तिनं आत्ता फोन करून सांगितलंय, की मी घरीच तयार होणार. गालांवर अजून थोडी लाली आहे. असू दे. साखरपुड्याच्या दिवशी गाल लाल असले तर कोण काय म्हणणार?

तुला एक वचन देतो. उद्या बांनी पुन्हा तिची हनुवटी धरली आणि भीने वान म्हणाल्या, तर मी खोकणार नाही आणि कुठलंही ताट पुढे करणार नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, “हा बा, भीने वान छे. एनी मा पर गई छे.”

आणि बा काही म्हणाल्या नाहीत, तर मीच आधी म्हणेन.

तुझा,
अहो